पाच, चौदा आणि कोरा टप

१

मंगळवारी सकाळी पावणेसातला पोलिसांच्या गस्तीच्या गाडीनं बिर्ला नगरात पांडुरंगराव खांडेकरांच्या सायकलला धडक दिली आणि ती न थांबता निघून गेली. बुधवारची दुपार झाली तरी या एका वाक्यापलीकडे कुणालाच काही छातीठोक सांगता येत नव्हतं.

हेमांगी पागनीसला याचा रागच आला होता. पोलिसांच्या वैज्ञानिक तपास पथकात लागून तिला दीड वर्ष झालं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी, मोजलं की उत्तर येतं, अशी तिची आजवरची समजूत. आणि इथं टेबलावर एकाच गाडीबद्दलचे तीन जबाब पडले होते आणि तिघांची तोंडं तीन दिशांना होती.

“वाच, वाच,” इन्स्पेक्टर राजवर्धन सुर्वे खुर्ची मागं रेलत म्हणाले. “विजयाबाई देवस्थळे. ओट्यावर उभ्या होत्या. म्हणतात, गाडीच्या दारावर पाच नंबर. बनवारी चहावाला, त्याची टपरी बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे. तो म्हणतो चौदा. दोघंही शपथेवर. आणि ही अंतरा, कॉलेजची मुलगी, गच्चीवर सूर्यनमस्कार घालत होती. ती म्हणते गाडीच्या टपावर नंबरच नव्हता, कोरा पांढरा टप! आता तूच सांग, ती गाडी होती की बारात?”

“तिघांपैकी एक तरी चुकत असणार, सर.”

“दोन. कमीत कमी दोन चुकतायत. सीधी सी बात आहे.”

गेल्या महिन्यापर्यंत ही अडचण आलीच नसती. शहरातल्या अठरा गस्तीच्या गाड्या तेव्हा पांढऱ्या होत्या, बाजूला लाल-निळा पट्टा, तोही उन्हानं विटलेला. कुठली गाडी कुठली हे जवळ जाऊन पाटी वाचल्याशिवाय कळत नसे. म्हणून नवा रंग आला. खाली गडद निळा, वर पांढरा, मधे पिवळ्या-निळ्या चौकटींचा पट्टा. पुढच्या दोन्ही दारांवर हातभर उंचीचा नंबर आणि तोच नंबर टपावर, म्हणजे उंचावरच्या कॅमेऱ्यालाही वाचता यावा. लोकांनी गाडी लांबून ओळखावी हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू. मंगळवारी अकरा वाजता परेड मैदानावर मंत्र्यांनी झेंडा दाखवला आणि अठरा गाड्या रांगेत निघाल्या. अपघात त्याच्या चार तास आधीचा.

हेमांगीकडे पुरावा म्हणून एकच गोष्ट होती. सायकलच्या हँडलला चिकटलेला रंगाचा कपचा, नखाएवढा. तिनं तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. वर निळा, त्याखाली करडा प्रायमर, तळाशी जुना पांढरा.

“कुठल्या गाडीचा?” सुर्व्यांनी विचारलं.

“अठराच्या अठरा गाड्यांचा,” ती चडफडत म्हणाली. “सगळ्यांना एकाच खेपेचा रंग लावलाय. रंगावरून गाडी ओळखता येत नाही.”

“म्हणजे तुझी केमिस्ट्री गेली पाण्यात.” सुर्व्यांनी फाइल पुढं ओढली. “माझं ऐक. पाच नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर रजेवर आहे आणि तिचा जीपीएस सोमवार संध्याकाळपासून मंगळवारी दहापर्यंत सिटी सेंटरला, कंट्रोल रूमपाशी दाखवतोय. पाच कटली. चौदाचा जीपीएस बंद. आणि चौदा नंबर ज्यानं सोमवारी संध्याकाळी सही करून ताब्यात घेतला, तो बाहेर बाकावर बसलाय. म्हणतो, गाडी माझ्याकडे नव्हतीच.”

२

मधु घाडगे बाकावर अंग चोरून बसला होता. पंचेचाळिशीचा हवालदार, एकोणीस वर्षं ड्रायव्हर, निलंबनाचा कागद घडी करून शर्टाच्या खिशात. हेमांगीला पाहून तो उठला.

“ताई, मी मंगळवारी नऊ वाजता वर्कशॉपमधनं गाडी उचलली. त्याआधी मी तिला हातसुद्धा लावला नाही.”

“रजिस्टरमध्ये सोमवार संध्याकाळ सहा आहे. खाली तुमची सही आहे.”

“सही माझीच आहे.”

“मग?”

“अहो, वर्कशॉपच्या माधवरावसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, अठराही गाड्या तयार आहेत असा रिपोर्ट आज वर जायचाय, तू आज सही कर, गाडी उद्या ने. आम्ही असंच करतो, ताई. टायर आले की सही आधी, टायर नंतर. युनिफॉर्मची सही आधी, युनिफॉर्म दिवाळीनंतर.” तो कसंनुसं हसला. “आजपर्यंत कधी काय बिघडलं नव्हतं.”

हेमांगीनं कपाळाला हात लावला. आपल्याच हातानं गळ्यात फास अडकवणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला.

“नऊ वाजता गाडी घेतलीत तेव्हा वर्कशॉपमध्ये कोण होतं?”

“माधवरावसाहेब होते. नाना पेंटर होते. नाना मला म्हणाले, टपाला हात लावू नको रे, ओला आहे. मी म्हटलं, मला काय टपावर बसून जायचंय?”

“बाकी काही वेगळं दिसलं?”

“घाई होती. सगळेच पळत होते. मंत्री यायचे होते ना.”

चौदा नंबरची गाडी ठाण्याच्या आवारातच उभी करून ठेवली होती. हेमांगीनं रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. तळहाताएवढा डबा, पत्र्याला टेकवला की आकडा दाखवतो. धडक डाव्या बाजूनं बसली होती हे सायकलवरून उघड होतं. तिनं डावं मडगार्ड वीस ठिकाणी मोजलं. दोनशे तीस मायक्रॉन. दोनशे चाळीस. दोनशे पस्तीस. पोचा बुजवायला पुट्टी भरली असती तर आकडा हजाराच्या घरात गेला असता. आणि पोचा नाही म्हणावा तर कपचा उडालेली जागाही कुठं दिसत नव्हती.

ती तशीच सुर्व्यांकडे गेली. “सर, चौदाला धक्का लागलेलाच नाही. मला पाच नंबरची गाडी मोजू द्या.”

“पाच बदली ड्रायव्हर घेऊन गस्तीवर आहे. जिचा जीपीएस साफ आहे ती गाडी मी तुझ्या डबीसाठी रस्त्यावरनं काढू?”

“पण चौदा निर्दोष आहे!”

“गाडी असेल. ड्रायव्हर नाही. सही बोलते, मॅडम. तुमच्या मायक्रॉनला कोर्टात कुणी ओळखत नाही.”

तिला दार आपटून जावंसं वाटलं. ते दार स्प्रिंगचं होतं, आपटतही नव्हतं.

३

गुरुवारी सकाळी ती बिर्ला नगरात गेली. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण कामगारांच्या बैठ्या घरांच्या रांगा तशाच होत्या, मधून जेमतेम दोन गाड्या जातील एवढा रस्ता.

विजयाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

“हे बघ बाळ, मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मला पाच आणि चौदा यातला फरक कळत नाही, असं त्या तुझ्या सुर्व्याला म्हणायचंय का?”

“नाही काकू. गाडी कुठून कुठं गेली?”

“गिरणीच्या फाटकाकडनं आली, स्टेशनकडे गेली. मी इथं. गाडी माझ्या समोरनं, ही अशी. पांडुरंगराव सायकलवर, दूध घेऊन. गाडीच्या या अंगाचा धक्का लागला आणि ते पडले. गाडी पुढं जाऊन थांबली. मागचे लाल दिवे लागले, मी बघितले. मग दिवे विझले आणि गाडी गेली.”

“मग तुम्ही दवाखान्यात नेलंत?”

विजयाबाईंचे हात थांबले. “नाही ना. तीच तर गोष्ट आहे. आम्ही सगळे म्हणालो, पोलिसांचीच गाडी आहे, नवी कोरी, मदत आणायलाच गेली असणार. बनवारी म्हणाला, काकी, हाथ मत लगाओ, पुलिस ॲम्ब्युलन्स ला रही है. वीस मिनिटं आम्ही त्यांच्या डोक्याखाली पदर धरून बसलो. वीस मिनिटं! दुसरी कुठली गाडी असती तर मी पहिल्याच मिनिटाला रिक्षा थांबवली असती.”

हेमांगीनं रस्ता ओलांडला.

बनवारी रस्त्याच्या पलीकडे दूध उकळत होता. “चौदह था, मैडम. इतना बड़ा!” त्यानं पळी सोडून दोन्ही हात फाकवले. “काकी का चश्मा बदलवाओ.”

“तेरी चाय में पानी कम कर पहले!” विजयाबाई पलीकडून ओरडल्या. त्यांना ऐकू मात्र छान येत होतं.

अंतरा गच्चीवरून खाली आली, केसांना टॉवेल गुंडाळलेला. “ताई, मी टप बघितला. पांढरा, एकदम क्लीन. मला पोलीसवाले म्हणाले, पेपरमध्ये फोटो बघ, सगळ्यांवर नंबर आहेत. मी म्हटलं, फोटो अकरा वाजताचा है, मैंने पौने सात को देखा. त्यांनी लिहूनच नाही घेतलं नीट.”

तिघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती. तिघंही चुकणारीही वाटत नव्हती. हेमांगी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एका बाजूला विजयाबाई, दुसऱ्या बाजूला बनवारी, वर अंतरा. एवढं स्वच्छ दिसत असून काहीच दिसू नये!

फोन वाजला. सुर्वे होते. त्यांचा आवाज खाली गेला होता.

“पांडुरंगराव गेले. अर्ध्या तासापूर्वी, दवाखान्यात. वरून फोनवर फोन चालू आहेत. उद्या अकरा वाजता मी मधुला अटक करतोय. तुला काही मोजायचं असेल तर त्याच्या आत मोज.”

४

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांब शेड, समोर अंगण, एका कोपऱ्यात इन्चार्जची केबिन. सब-इन्स्पेक्टर माधवराव इंदापूरकर तिथं सव्वीस वर्षं होते. चालताना उजवा पाय किंचित ओढत. त्यांनी हेमांगीला खुर्ची दिली, चहा मागवला, रजिस्टर स्वतःहून पुढं केलं.

“सोमवारी सहा वाजता शेवटच्या दोन गाड्या गेल्या. पाच आणि चौदा. हे बघा.”

“माधवकाका, मधु म्हणतो सही आधी घेतलीत.”

“आता तो काहीही म्हणेल बिचारा. बाल-बच्चेवाला माणूस आहे.”

“गाडी तयार झाली हे कसं ठरवता? दारांचं काम शेवटी होतं का?”

“सगळं पूर्ण करूनच देतो आपण. टपावरचे नंबरसुद्धा सोमवारी चारलाच टाकून झाले होते, अठराच्या अठरा.”

“गाड्यांच्या किल्ल्या कुठं असतात?”

“या कपाटात. आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. एकदा एका पोरानं गाडी फिरवून आणली होती, तेव्हापासून.”

चहा आला, अति गोड. तिनं तो तसाच ठेवला आणि शेडमध्ये गेली.

शेडमध्ये आता देहाती, गावाकडच्या ठाण्यांच्या गाड्यांचं काम चालू होतं. सहा गाड्या दारांविना उभ्या होत्या, आणि दारं आडव्या लोखंडी पाइपाला टांगली होती, खाटकाकडे सोललेली बकरी टांगतात तशी. साठीचे नाना पेंटर स्टेन्सिल लावून एका दारावर नंबर उठवत होते. बोटं निळी, नखं पिवळी.

“दारं काढून रंगवता, नाना?”

“मग काय! नाहीतर कडेला रंग पोचत नाही, सहा महिन्यांत गंज. माझी पद्धत आहे, बेटा. आधी सगळी डावी दारं एका रांगेत. ती सुकली की सगळी उजवी. म्हणजे हात एकाच बाजूला बसतो.”

“नंबरही टांगलेल्या दारावरच टाकता?”

“हां. मग दारं चढवायची, बिजागरीच्या बोल्टांना ब्रशनं रंग मारायचा. टप अगदी शेवटी. टपावर नंबर टाकायला दाराच्या चौकटीत पाय देऊन उभं राहावं लागतं ना, ओल्या दारांना ढुंगण लागतं.” नाना स्वतःच हसले.

हेमांगी टांगलेल्या दारांकडे बघत होती. सहा डावी दारं, एका रांगेत. प्रत्येकावर वेगळा नंबर. त्यांची जोडीदार उजवी दारं पलीकडच्या पाइपाला.

“नाना, सोमवारी पाच आणि चौदा बरोबरच होत्या का शेडमध्ये?”

नानांचं हसू मावळलं. ब्रश डब्यात गेला तो बाहेर येईना.

“मला काही आठवत नाही,” ते म्हणाले. “साहेबांना विचार.”

५

शुक्रवारी सकाळी नऊला हेमांगी ठाण्यात पोचली तेव्हा मधुची बायको सुनंदा बाकावर त्याच्या शेजारी डबा धरून बसली होती. कुणी काही खात नव्हतं. हेमांगी त्यांच्यापुढून मान खाली घालून गेली आणि थेट सुर्व्यांसमोर उभी राहिली.

“सर, मला दहा मिनिटं द्या. तुम्ही माझ्यासमोर उभे राहा. नाही, खुर्चीतनं उठून. मी ही अशी आडवी वळते. आता माझ्या डाव्या कानात काय आहे?”

“कुडी.”

“उजव्या?”

“तिकडचा मला कसा दिसेल? तू आडवी उभी आहेस.” सुर्वे वैतागले. “हा काय खेळ आहे?”

“विजयाबाई गाडीच्या डाव्या बाजूला होत्या. बनवारी उजव्या. दोघांपैकी कुणालाही गाडीच्या दोन्ही बाजू दिसल्या नाहीत. आपण समजून चाललो की दोन्ही दारांवर एकच नंबर असणार, म्हणून एकाला खोटं ठरवायला निघालो. तसं का समजायचं? गाडीच्या डाव्या दारावर पाच होता. उजव्या दारावर चौदा होता.”

सुर्व्यांनी टेबलावरचे जबाब पुन्हा चाळले. “एका गाडीवर दोन नंबर? कोण टाकेल?”

“कुणी टाकले नाहीत. चढवले. वर्कशॉपमध्ये दारं काढून रंगवतात, डावी वेगळी, उजवी वेगळी. पाच आणि चौदा शेवटच्या दोन गाड्या, सोमवारी घाईघाईत दारं चढवली, उजव्या दारांची अदलाबदल झाली. आणि अंतरानं टप कोरा बघितला. टपावरचा नंबर सगळ्यांत शेवटी टाकतात. म्हणजे पावणेसातला रस्त्यावर असलेली गाडी अर्धवट होती. जी गाडी अर्धवट आहे ती वर्कशॉपमधून सुटलेलीच नाही, मग रजिस्टर काही म्हणो. मधुला नऊ वाजता नाना म्हणाले, टप ओला आहे. सोमवारी चार वाजता टाकलेला नंबर मंगळवारी नऊपर्यंत ओला राहतो का, सर? हा रंग दोन तासांत सुकतो. मी मोजलंय.”

“तिघंही खरं बोलले?”

“तिघंही.”

सुर्वे पुन्हा खुर्चीत बसले. “थांब. पाच सिटी सेंटरला होती. जीपीएस.”

“चौदाचा जीपीएस रंगकामासाठी काढला असणार, म्हणून बंद होता. पाच तिच्याच शेजारी, त्याच दिवशी, त्याच शेडमध्ये रंगत होती. मग तिचा चालू कसा? तुम्ही कंट्रोल रूमला फोन लावून एवढंच विचारा की तिथं गाडी उभी होती का.”

सुर्व्यांनी फोन स्पीकरवर टाकला. कंट्रोल रूमची तंत्रज्ञ मंजिरी हसली.

“गाडी? सर, माझ्या टेबलावर गाडी कशी मावेल? नवे नंबर भरायला जीपीएसचे दोन्ही डबे माझ्याकडे आले होते. चौदाचा बंद होता, पाचचा चार्जिंगला लावला होता. तुम्ही विचारलं पाच कुठं आहे, मी म्हटलं सिस्टिम सिटी सेंटर दाखवतेय. गाडीचं कुणी विचारलंच नाही.”

सुर्व्यांनी फोन ठेवला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“पाचला बोलाव,” ते शिपायावर ओरडले. “आत्ता!”

गाडी आली. हेमांगीनं यंत्र डाव्या मडगार्डला टेकवलं. दोनशे चाळीस. दोनशे तीस. बोटभर पुढं सरकवलं. नऊशे ऐंशी. अकराशे दहा. तळहाताएवढ्या जागेत पुट्टी भरलेली होती आणि वरून निळा रंग असा बेमालूम मारला होता की डोळ्याला शंकाही येऊ नये. मग तिनं पुढची दोन्ही दारं उघडली. डाव्या बिजागरीच्या बोल्टांवर ब्रशनं मारलेला रंग अखंड होता. उजव्या बिजागरीवर तो तडकला होता, खाली लोखंड चमकत होतं. चौदाच्या गाडीचं उजवं दार उघडलं. तिथंही तेच.

“रंग मारून झाल्यावर हे दोनच दरवाजे पुन्हा काढले गेले,” ती म्हणाली. “चूक सुधारायला.”

“नाना!” सुर्वे दात आवळून म्हणाले. “म्हातारा निघाला?”

६

शेडमध्ये नाना सुर्व्यांना पाहताच भिंतीला टेकले. बोलायला लागले ते हेमांगीकडे बघून.

“माझी चूक आहे, बेटा. सोमवारी दारं माझ्या देखरेखीखाली चढली. मंगळवारी साडेसातला आलो, टपावर नंबर टाकायला चढलो, खाली बघतो तर एका अंगाला पाच आणि दुसऱ्याला चौदा. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी घाबरून दारं बदलली. मंत्र्यांसमोर असली गाडी गेली असती तर? साहेब म्हणाले, कुणाला बोलू नको, दोघांची नोकरी जाईल. मी बोललो नाही.”

“आणि पाचचं मडगार्ड?”

“ते साहेबांनीच सांगितलं. अंगणात मागं घेताना फाटकाला घासलं म्हणाले. मी दिवा लावून पुट्टी सुकवली, रंग मारला. मला काय ठाऊक?” ते बोटांवरचा निळा रंग खरवडायला लागले. “मधु माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालाय. मला वाटलं, माझ्या दारांचा आणि त्याच्या अपघाताचा काय संबंध?”

चार दिवस हा माणूस आपली लाज झाकत बसला होता, आणि त्या लाजेखाली मधुची सुटका दडपली गेली होती. हेमांगीला त्यांच्यावर ओरडायचं होतं. जमलं नाही.

माधवराव केबिनच्या दारात येऊन उभे होते. कधी आले ते कुणी पाहिलं नव्हतं.

“काका,” हेमांगी म्हणाली, “काल मी तुम्हाला दारांचं विचारलं. तुम्ही टपाचं उत्तर दिलंत. टपाबद्दल तोपर्यंत तुमच्यापाशी कुणी चकार शब्द काढला नव्हता. कोऱ्या टपाची काळजी फक्त त्यालाच, ज्याला तो कोरा होता हे माहीत आहे. किल्ल्या कपाटात, कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला. आणि ड्रायव्हर रजेवर असलेली गाडी तुम्ही निवडलीत, म्हणजे कुणी विचारणार नाही. तुम्ही डाव्या अंगानं चालत गेलात, पाच नंबर बघितलात, उजवीकडचा बघायचं कारणच नव्हतं. मागून वळसा घेऊन आत बसलात. दार उघडं असणार, नंबर बाहेरच्या अंगाला.”

माधवरावांनी नाकारलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि पाय पुढं ताणला.

“नोकरीच्या पहिल्या वर्षी जॅक निसटला, त्यात हा पाय गेला. तेव्हापासून शेडमध्ये. सव्वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून दुसऱ्यांच्या हातात दिल्या. गस्तीवर एकदा नाही गेलो. त्या दिवशी सहाला आलो, गाडी उभी होती, नवा रंग... म्हटलं, एक चक्कर. फक्त एक. लोक बघत होते हो. एका म्हाताऱ्यानं सलाम केला. मी सलाम घ्यायला मान वळवली आणि...”

“थांबला होतात तुम्ही,” सुर्वे म्हणाले. “लाल दिवे लागले होते.”

“उतरलो असतो तर अर्धवट गाडी बाहेर कशी आली, ते विचारलं असतं. रिपोर्ट गेला होता. म्हटलं, लोक आहेत आजूबाजूला, नेतील त्यांना.”

“नेलं नाही,” हेमांगी म्हणाली. “तुम्ही ॲम्ब्युलन्स आणायला गेलात असं वाटलं त्यांना. गाडीचा रंग बघून. वीस मिनिटं ते तुमची वाट बघत होते.”

माधवरावांनी तिच्याकडे बघितलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली, आणि मग दोन्ही हातांत तोंड झाकलं.

७

अकराला पाच मिनिटं कमी असताना सुर्वे ठाण्यात परतले. मधु बाकावरून उठला आणि त्यानं आपण होऊन मनगटं पुढं केली. सुनंदानं तोंड फिरवलं.

“खाली घे हात,” सुर्वे म्हणाले. “माधवराव निघाला. त्यानं कबूल केलंय. तू सुटलास. जा घरी.”

मधु हलला नाही.

“अरे, ऐकू आलं का? निलंबनाचा आदेशही रद्द होईल. दोन-तीन आठवडे लागतील, फाइल वर जाऊन यावी लागते.”

“तिघं साक्षीदार होते ना, साहेब?” मधुनं विचारलं. “चार दिवसांत एकदाही त्या तिघांना एका जागी उभं करून कुणी विचारलं नाही?”

सुर्वे हेमांगीकडे बघायला लागले. हेमांगी जमिनीकडे. पहिल्याच दिवशी दोन तरी चुकतायत असं सुर्वे म्हणाले, तेव्हा तीही मान डोलावून यंत्र काढायला धावली होती.

“हे बघ, झालं ते झालं,” सुर्वे समजुतीनं म्हणाले. “चल, गाडीतनं सोडतो दोघांना.”

“गाडी नको. एक काम करा.” मधुनं हात खाली घेतले. “मंगळवारी दुपारी तुम्ही वायरलेसवर माझं नाव घेतलंत. चौदा नंबरचा ड्रायव्हर मधुकर घाडगे, माणूस उडवून पळाला, दिसेल तिथं थांबवा. सगळ्या गाड्यांनी ऐकलं. माझ्याबरोबर एकोणीस वर्षं जेवलेल्या लोकांनी ऐकलं. सुनंदाला शेजारणीनं येऊन सांगितलं. आता त्याच वायरलेसवर सांगा.”

“अरे बाबा, वायरलेस अशा गोष्टींसाठी नसतो. लेखी येईल ना.”

“लेखी मी बघितलं, साहेब. लेखी माझी सहीसुद्धा होती.”

सुनंदानं डबा बाकावर ठेवला आणि ती नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. सुर्व्यांनी हेमांगीकडे मदतीच्या आशेनं पाहिलं.

“मलाही ऐकायचंय, सर,” हेमांगी म्हणाली.

सुर्व्यांनी दातओठ खात सेट उचलला. घसा खाकरला. “कंट्रोल आणि सर्व गाड्या. मंगळवारच्या बिर्ला नगर अपघाताशी हवालदार मधुकर घाडगे यांचा काही संबंध नाही. ते निर्दोष आहेत. ओव्हर.”

सेटमध्ये खरखर झाली. मग कंट्रोलनं, कुठल्याही संदेशाला विचारतात तसंच, सपाट आवाजात विचारलं, “मैसेज क्लियर नहीं है. दोहराइए.”

सुर्व्यांनी डोळे मिटले. त्यांनी सेट खाली ठेवायला हात नेला.

“दोहराइए, साहेब,” मधु म्हणाला.